तुझा कॅमेरा हलला नव्हता

विनू, तू जाऊन दीड महिना होत आला आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. परवा स्मिताला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "भांड, त्याला सवय आहे." तुझ्या बायकोचा स्वभाव तुला माहीत आहे. रडता रडता टोमणा मारते आणि मग स्वतःच हसते.

तर आधी हे ऐक, बाकीचं मग बोलते. भांडुपला लावलेला तुझा कॅमेरा हलला नव्हता. सूतभरसुद्धा नाही. गेला सगळा हिवाळा तू जे तोंड पाडून बसला होतास, भेटेल त्याला "हात गेला माझा" म्हणून सांगत सुटला होतास, ते सगळं फुकट होतं. तुझा हात शेवटपर्यंत शाबूत होता. ही बातमी ऐकून तू गाळ्यात आरडाओरडा केला असतास, मला खाली टपरीवर नेऊन चहा-मस्कापाव खायला घातला असतास. आणि अर्धा पाव खाऊन झाल्यावर तुझ्या डोक्यात आलं असतं की कॅमेरा हलला नाही, तर मग काय हललं? तिथे तुझा घास अडकला असता. माझा गेले कित्येक दिवस तिथेच अडकला आहे.

संग्रहालयाच्या मॅडम पहिल्यांदा आपल्या मरोळच्या गाळ्यात आल्या तो दिवस आठवतो ना? निसर्गाच्या विज्ञानाचं नवं दालन उघडायचं होतं आणि त्यासाठी त्यांना छोट्या छोट्या फिल्म्स हव्या होत्या. निवेदन नाही, संगीत नाही. भिंतीवर एकामागून एक फिरत राहणार, मुलं समोर जमिनीवर बसून बघणार. पान कुजून त्याची माती कशी होते, मुंग्या वाट कशी धरतात, खाडीचा चिखल ओहोटीला श्वास कसा सोडतो. त्या बोलत होत्या आणि तू शाळेतल्या पोरासारखा पुढे सरकून ऐकत होतास. त्या गेल्यावर म्हणालास, "यार, आयुष्यभर साबण आणि बिस्किटं शूट केली. आता मुंग्या! झकास." मी निर्माती, एडिटर आणि तुझी बोलणी खाणारी. मी लगेच कॅलेंडर काढलं, आणि तू म्हणालास, "हिला बघा, मुंग्यांनाही कॉल टाइम देणार ही."

पान कुजवायला तू गाळ्यात काचेची पेटी ठेवलीस. वास इतका सुटला की खालच्या मजल्यावरचे प्लॅस्टिकची झाकणं बनवणारे शेट वर येऊन विचारून गेले, कोणी मेलंय का. तू त्यांनाच पेटीसमोर बसवून अर्धा तास बुरशी दाखवलीस. जाताना ते म्हणाले, "भारी आहे." अशी तुझी माणसं जोडण्याची तऱ्हा होती. तिचंच पुढे ओझं होणार होतं, हे तेव्हा कोणाला कळणार?

शेवटची फिल्म तुझ्या डोक्यातून निघालेली. एक डोंगर, एक झाड, एक वर्ष. कॅमेरा एकाच जागी खिळवून ठेवायचा, दर तासाला एक फोटो, आणि वर्षभराचे फोटो भराभर पळवले की झाडाचं अख्खं वर्ष मुलांच्या डोळ्यांसमोरून जाईल. झाडही तूच शोधलंस. भांडुपच्या टेकडीवर, नाल्यापलीकडच्या उतारावरची काटेसावर. आणि तिच्यासमोर, नाल्याच्या अलीकडे, परब मावशींचं घर.

मावशींचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्या दोघांनी टेकडीवर ही खोली बांधली. दगडी संरक्षक भिंत, भिंतीच्या अगदी काठावर ओळीने चार खोल्या, त्यातली एक ही, आणि खाली नाला. यजमान गेले, मुलगी लग्न होऊन मुलुंडला गेली, मावशी एकट्या राहिल्या. तू दारात उभा राहून मालवणीत दोन वाक्यं बोललास आणि त्यांनी तुला आत घेतलं. मी मागे उभी राहून नुसती हसत होते. त्या तुला म्हणाल्या, "ही खंयची? हिका आमची भाषा येणा नाय वाटता." तू म्हणालास, "ही मुलुंडची गे मावशे. शुद्ध. हिच्याशी जरा सांबाळून बोल."

कॅमेऱ्याची पेटी तू छपराखाली बाहेरच्या भिंतीला ठोकलीस. जाड लोखंडी ब्रॅकेट, लांब बोल्ट. ठोकून झाल्यावर तुझ्या नेहमीच्या सवयीप्रमाणे तू दोन्ही हातांनी त्या ब्रॅकेटला लटकलास. पाय वर उचलून. माझं वजन पेललं तर कॅमेरा पेलेल, हे तुझं शास्त्र. मावशी आतून धावत आल्या. "अरे मेल्या, खाली उतर! घर पाडतलस माजा!" आपण तिघंही किती हसलो होतो.

पावसाळ्यात झाड वर चढायला लागलं.

फोटो थेट आपल्या फोनवर यायचे, पण रोज उघडून बघितलं तरी काही कळायचं नाही. मी गाळ्यात बसून पहिल्यांदा दोन महिन्यांचे फोटो पळवले तेव्हा दिसलं. सावर फ्रेमच्या मध्यावर होती, ती हळूहळू वर सरकत होती. न धावता, न थरथरता, कोणीतरी तिला अलगद उचलून घ्यावं तशी. तुला बोलावलं. तू खुर्ची ओढून बसलास, दोनदा बघितलंस आणि तुझा चेहरा पडला. "कॅमेऱ्याचं नाक खाली पडतंय," म्हणालास. "पेटी जड आहे, बोल्ट सैल झालेत. कॅमेरा खाली वाकला की झाड वर गेल्यासारखं दिसणार." हे इतकं सरळ होतं की त्यावर वाद घालायचं कारणच नव्हतं. कुठल्याही कॅमेरामनने हेच म्हटलं असतं.

तू वर गेलास, बोल्ट पिळलेस, फ्रेम पुन्हा लावलीस. झाड पुन्हा चढलं. तू पुन्हा गेलास. गणपतीनंतर गेलास तेव्हा मी बरोबर होते. मावशींच्या नातीची नेलपॉलिशची बाटली मागून घेतलीस आणि ब्रॅकेटपासून भिंतीपर्यंत एक आडवी लाल रेघ ओढलीस. बोल्ट केसाएवढा जरी फिरला तरी रेघ तुटणार, चोर पकडला जाणार. त्याच दिवशी मावशी तुला म्हणाल्या होत्या की दार लागत नाही, खालून घासतं, आणि खिडकीशेजारी भिंतीला चीर गेली आहे. तू चीर बघितलीस. ती ब्रॅकेटच्या अगदी जवळून जात होती. तू कान पकडलेस. "मावशे, ह्या माजाच काम. मीच घाईत ठोकलंय. भिंतीक काय झाला नाय, माजो कॅमेरोच हलता हा." मग तू स्वतः सिमेंट कालवून चीर बुजवलीस आणि दाराचा खालचा काठ तासून दिलास. मावशींनी तुला सोलकढी प्यायला दिली. शेजारच्या तीन खोल्यांतली माणसं दारात उभी राहून बघत होती. सगळ्यांच्या देखत तू तो दोष आपल्या अंगावर घेतलास. इतक्या मोकळेपणाने चूक कबूल करणारा माणूस त्यांनी पाहिला नसेल. म्हणून तर त्यांनी तो शब्द धरून ठेवला.

परतीच्या पावसात झाड आणखी थोडं चढलं आणि मग थांबलं. हिवाळाभर जागचं हललं नाही. पण तोवर तू मनाने खचला होतास. वर जाऊन ती लाल रेघ बघायलाही तयार नव्हतास. "काय बघायचंय? तुटलीच असणार." मुंग्यांची फिल्म तू दुसऱ्या कॅमेरामनला दिलीस, हे मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांकडे जाऊन हात दाखवून आलास. त्यांनी हात तपासले, हाताला काही झालं नाही म्हणाले, आणि तू खट्टू होऊन परत आलास. टेकडीच्या पायऱ्यांवर तू मध्येच थांबायचास, कठड्याला धरून उभा राहायचास आणि "व्ह्यू बघतोय" म्हणायचास, ते तू डॉक्टरांना सांगितलं नाहीस. आम्हालाही कुठे कळलं? आम्ही पण तुझ्याबरोबर उभं राहून व्ह्यू बघितला. या गोष्टीचा विचार करायला लागले की मला घरात बसवत नाही.

आपलं शेवटचं भांडण वर्षावरून झालं. मी म्हणत होते, कॉम्प्युटरवर फ्रेम स्थिर करून टाकते, झाडाला जागेवर बांधून ठेवते, कोणाच्या बापाला कळणार नाही. तू म्हणत होतास, "नाही. पुन्हा काढू. आणखी एक वर्ष. या वेळी नीट." मी ओरडले, "वर्ष काय तुझ्या घरचंय का रे? कुठून आणू मी आणखी एक वर्ष?" तू म्हणालास, "आणू गं कुठून तरी." आणि हेल्मेट उचलून जोगेश्वरीला घरी गेलास. दुसऱ्या दिवशी आपण दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं. तो विषय मग निघालाच नाही. तू गाळ्यात कोसळलास तेव्हा ती फिल्म अर्धवट माझ्या स्क्रीनवर होती.

हॉस्पिटलात तुझ्या तोंडात नळी होती. स्मिता आत असली की मी बाहेर, मी आत असले की ती बाहेर. मी तुझ्याशी काहीबाही बोलत होते, शिव्या पण दिल्या. तू एक शब्द बोलला नाहीस. बोलूच शकत नव्हतास. तरी मी वाट बघत राहिले, की नळी काढतील आणि तू काहीतरी फालतू बोलशील. मला शहाणपणाचं काही नको होतं, फालतूच हवं होतं.

तुझे दिवस झाल्यावर मी कॅमेरा उतरवायला भांडुपला गेले. पाना बरोबर नेला होता. मावशींनी स्टूल दिलं, चढले, पेटीला हात घातला, आणि समोर ती लाल रेघ. अख्खी. ब्रॅकेटवरून बोल्टवर, बोल्टवरून भिंतीवर, जशी तू ओढलीस तशी. कुठे तडा नाही. मी बोटाने चाचपून बघितली. बोल्ट फिरलेला नव्हता, ब्रॅकेट वाकलेलं नव्हतं. परतीच्या पावसात झाड तर वर चढलं होतं. पहिला आनंद झाला, खरं सांगते. तुझा हात गेला नव्हता! मी स्टुलावर उभ्या उभ्या रडले. मावशी खालून म्हणाल्या, "उतर गो बाय, पडशीत." आणि मी उतरले तेव्हा त्यांच्या दाराकडे लक्ष गेलं. तू तासून दिलेलं दार पुन्हा जमिनीला टेकलं होतं. तू सिमेंट भरलेल्या चिरेच्या बाजूने नवी चीर गेली होती, तिच्यावर मावशींनी कालनिर्णय लावलं होतं. कॅमेरा मी उतरवला नाही. पाना पिशवीत टाकून तशीच खाली आले.

दालनाचे सल्लागार गोडबोले सर तुला आठवतील, भूगर्भशास्त्र शिकवायचे ते, तुझ्या चिखलाच्या फिल्मवर खूश झालेले. त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. तोंडाने काही सांगितलं नाही, नुसते फोटो पळवले. सरांनी एकच विचारलं, "हिवाळ्यात चढत नाही का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "सैल कॅमेरा हिवाळ्यातही लोंबेल ना. वजन काय सुट्टी घेतं का? हे फक्त पाण्याबरोबर चालतंय. भिंतीमागची माती भिजते, फुगते, भिंतीला पुढे ढकलते. भिंतीबरोबर घर वाकतंय. तुमच्या माणसाने कॅमेरा इतका घट्ट बसवला की तो घराबरोबर वाकत गेला." मग चष्मा काढून म्हणाले, "या पावसात तिथे कोणी झोपायला नको." त्यांनी पत्र लिहून दिलं, ते मी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नेऊन दिलं. तिथल्या माणसाने नीट वाचून घेतलं. पण धोक्याची नोटीस त्या टेकडीवर दर उन्हाळ्यात सरसकट सगळ्यांना लागते आणि मावशी तिच्यात सुकट बांधून ठेवतात.

आता तुझ्यावर मी का चिडले आहे ते सांगते. मी मावशींसमोर लॅपटॉप ठेवला. वर्ष पळवलं. सावर हिरवी झाली, झडली, लालभडक फुलली, आणि हे सगळं होताना वर वर जात राहिली. मावशी कौतुकाने बघत होत्या. शेजारची माणसंही जमली. मी म्हटलं, "मावशी, झाड नाही हलत. आपण हलतोय. हे घर पुढे झुकतंय. पावसाआधी निघा इथून."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरात बसून तुला शिवी दिली.

"विनू काय सांगान गेलो, आयकलंस ना तू? हयच हुतंस तू. माजो कॅमेरो हलता म्हणान त्येना कान पकडल्यान माज्याफुडे."

"त्याची चूक झाली होती मावशी. तेव्हा त्याला माहीत नव्हतं."

"त्येची चूक? मेलेल्या माणसाक खोटो पाडतंस? तो जित्तो असतानाच सांगूचा होता त्येच्या तोंडार."

शेजारचा एकजण म्हणाला, "मॅडम, विनूभाऊ टेक्निकल माणूस होता. तो बोलला म्हणजे बोलला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कागदावर भिंत काढून दाखवली, सरांचं पत्र वाचून दाखवलं, ओरडले, हात जोडले. मावशी शेवटी म्हणाल्या, "गणपती खंय हाडू? घर बंद ठेवन? आमच्यात गणपतीक कोण घराक कुलूप घालता?" यजमान गेले त्या वर्षी सुतक होतं, तेव्हा सोडला तर त्या घरात गणपती आला नाही असं झालं नव्हतं. आणि मावशी हलल्याशिवाय बाकीच्या तिन्ही खोल्या हलणार नाहीत, हे मला दिसत होतं. चार घरांतली माणसं तुझ्या एका शब्दावर त्या भिंतीवर बसून होती, विनू. तुझ्या चांगुलपणावर. मला तेव्हा तुझा इतका राग आला. जिवंत असतास तर एक फोन करून निस्तरलं असतंस. "मावशे, मी चुकलंय," एवढंच. ते तुला झकास जमायचं.

तीन-चार वेळा जाऊन आले. हात टेकले. मग पाऊस सुरू झाला, दोन दिवस लागून राहिला, आणि माझ्या फोनवर येणाऱ्या फोटोंमध्ये झाड पुन्हा चढायला लागलं. आता फोटो पळवायचीही गरज नव्हती. सकाळचा आणि संध्याकाळचा फोटो शेजारी ठेवला तरी कळत होतं. मी रिक्षा करून भांडुपला गेले, भिजत वर चढले, मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मावशी, एक सांगायचं राहिलं. विनू जायच्या आधी हॉस्पिटलात बोलला माझ्याशी. म्हणाला, कॅमेरा हलला नव्हता. मावशींना सांग, घर सोडा."

मी तुझ्या तोंडी वाक्य घातलं. तू न बोललेलं.

मावशींचा हात सुपात थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील, कधी बोलला, आणखी काय बोलला. त्यांनी काही विचारलं नाही. सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि माळ्यावरून गणपतीचा पाट काढायला लागल्या. सगळ्यात आधी पाट. मग यजमानांचा फोटो, मग भांडी. शेजारणीने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "विनून निरोप धाडल्यान. चला." संध्याकाळपर्यंत चारही खोल्यांना कुलपं लागली. मावशी मुलीकडे मुलुंडला गेल्या, बाकीचे कोणी भावाकडे, कोणी मेव्हण्याकडे.

भिंत पडली नाही. हे तुला सांगायलाच हवं. कॅमेरा तिथेच आहे, कुलूपबंद घराच्या बाहेर, तू ठोकलेला. दर तासाला फोटो पाठवतो. पडणार असं गोडबोले सर म्हणतात, कधी ते कोणी सांगू शकत नाही. मावशी रोज सकाळी फोन करतात. नमस्कार वगैरे काही नाही, एकदम, "आज झाड खंय पोचला?" मी सांगते. त्या "हूं" म्हणतात. मुलीच्या घरात त्यांचं मन रमत नाही, जावई चांगला आहे पण फ्लॅट लहान आहे, हॉलमध्ये टीव्ही चालू असेपर्यंत त्यांना आडवं होता येत नाही. कधी कधी म्हणतात, "पडणा नाय तर येव काय परत?" आणि मी पुन्हा तुझं नाव घेते. विनू म्हणाला होता, पावसाळा संपेपर्यंत नको. विनू म्हणाला होता, दिवाळीपर्यंत थांबा. तू गेल्यापासून किती बोलायला लागला आहेस, तुला कल्पना नाही. आणि मला मात्र हॉस्पिटलात काचेच्या दाराशी उभी असताना एक शब्द दिला नाहीस. प्रत्येक खोटं बोलून झाल्यावर मला त्या खऱ्या न मिळालेल्या शब्दाची भूक लागते.

फिल्म मी दिली. फ्रेम स्थिर केली नाही आणि नवीन वर्षही काढलं नाही, म्हणजे आपण दोघंही हरलो. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, झाड चढतंय तसंच चढू दे, खाली दोन ओळीत कारण लिहू. दालनात ती आता भिंतीवर फिरते आहे. मी जाऊन मागे उभी राहून बघून आले. मुलं फुलांपाशी "आई शप्पथ" म्हणतात. झाड वर जातंय हे एकाच मुलीने ओळखलं. तिने मान तिरकी केली, मग शेजारचीचा हात धरला.

आज सकाळचं सांगते आणि थांबते. रात्रभर पाऊस होता. उजाडल्यावर फोटो उघडला, तर सावरीचा शेंडा फ्रेमच्या बाहेर गेलेला. नुसतं खोड आणि खालचा उतार. तेवढ्यात मावशींचा फोन. झाडाचं सांगितलं. त्या "हूं" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मूर्ती सांगूची हा. गणपती घराक हाडूचो काय नको? दीड दिवस फक्त. पूजा करून संध्याकाळी खाली येव, झोपूचा नाय थंय."

मी तोंड उघडलं. "विनू म्हणाला होता मावशी, की..."

"रव," त्यांनी मला थांबवलं. "त्येचा नाव नको घेव. त्येच्या तोंडात नळी हुती. तो खंयसून बोलतलो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी स्मिताक भेटाक गेललंय, तिना सगळा सांगल्यान माका. तू घराक येवन बोललंस त्येच्या आदीच."

"मग तुम्ही घर का सोडलंत?"

"तू त्येची येवढी दोस्त. तू त्येच्या नावान खोटा सांगतंस, भिजान येवन, थरथरत... तेवा मी भियालंय." मग म्हणाल्या, "आता गणपतीचा काय ता तू सांग. तुज्या तोंडान."

मी "नको" म्हटलं, विनू. पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला, मग मावशी रडायला लागल्या. घर सोडताना रडल्या नव्हत्या. मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले, आणि त्यातच तो कानाशी थरथरला. पुढचा फोटो आला होता. तो मी अजून उघडलेला नाही.